जुन्या एमजीबीत अल्युमिनियमचा रेडिएटर टाकतोय, आधी काय काय बघू?

कासवगती
मंडळी नमस्कार. गाडी १९६५ ची एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार), १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर, डायनमो, पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं अधिक टोक बॉडीला जोडलेलं), म्हणजे अजून कुणी हात लावून बिघडवलेली नाही अशी. ट्रॅफिकमध्ये उभी राहिली की काटा चढायला लागतो, मोकळा रस्ता मिळाला की आपोआप खाली येतो. रेडिएटर मूळचाच, तांब्या-पितळेचा. वरच्या टाकीच्या शिवणीला कुणीतरी पूर्वी डाख दिलाय आणि आता त्याच्या शेजारीच हिरवट पांढरा थर धरलाय, बोट फिरवलं की ओलसर लागतं. अल्युमिनियमचा "थेट बसणारा" रेडिएटर मिळतोय, दोन ओळींचा. घेऊन टाकू का? आणि घेतला तर बसवताना कशाकशावर लक्ष ठेवू? इलेक्ट्रिक पंखा पण लावायचा विचार आहे.

स्पॅनरराव
घ्या की, पण आधी एक सांगा, उभी असताना तापते आणि पळताना गार होते तर रेडिएटरवर का घसरताय? पळताना वारा फुकट मिळतो, उभं असताना पंखा ओढेल तेवढाच. म्हणजे तुमची तक्रार वाऱ्याची आहे, नायतर टायमिंगची, म्हणजे ठिणगी पडायच्या वेळेची. उलटं असतं, म्हणजे सिग्नलला ठणठणीत आणि लांब पल्ल्याला काटा वर, तर मीच म्हणालो असतो की नळ्या चोंदल्यात किंवा खालचा होज पंपाच्या ओढीने चपटा होतोय. त्या होजच्या आत स्प्रिंग असते, ती गंजून जाते आणि नवा होज घालताना कुणाच्या लक्षात राहत नाही, मग इंजिन रेस केलं की होज आत ओढला जातो आणि पाणी बंद.
टायमिंग लाईट लावून बघितलंत का? टायमिंग मागे असेल तर जळणाची उष्णता सिलिंडरच्या भिंतीत आणि एक्झॉस्टच्या बाजूला हेडमध्ये जाते, मग कितीही मोठा रेडिएटर लावा. टायमिंग पुढे नेणाऱ्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा पडदा फाटलेला नाही ना ते पण बघा, बारक्या पाईपला तोंडाने ओढून कळतं.

कासवगती
टायमिंग बघतो परत. फॅन बेल्ट नीट आहे. एक मात्र आहे, रेडिएटर ज्या पत्र्यात बसतो त्याच्या कडेची फोमची पट्टी पार गेलेली आहे, बोट आरपार जातं.

स्पॅनरराव
सापडलं की मग अर्धं उत्तर. वारा शहाणा असतो, जाळीतून घुसायचे कष्ट घेण्यापेक्षा फटीतून निघून जातो. आणि उभ्या गाडीत तर त्याहून वाईट, मागे गेलेली गरम हवा त्याच फटीतून फिरून पुढे येते आणि पंखा तीच परत ओढतो. आधी पट्टी लावा मग बोला.

पितळी_टाकी
अल्युमिनियमच्या मागे कशाला लागताय सगळे तेच कळत नाही. मूळ रेडिएटर रिकोअर करून घ्या, वरची खालची टाकी आणि बाजूच्या पट्ट्या मूळच्याच राहतात, मधली जाळी नवीन. बॉनेट उघडलं की गाडी गाडीसारखी दिसते, चकचकीत डबा बसवल्यासारखी नाही. आणि तांब्याची उष्णतावाहकता ४०० च्या आसपास, अल्युमिनियमची २३५. हिशोब सोपा आहे.

तिरपा_पाना
पितळी काका, हिशोब दिसतो तेवढा सोपा नाही. तुमच्या रेडिएटरात तांबं फक्त पातळ पट्ट्यांत आहे. नळ्या पितळेच्या, पितळ ११० च्या आसपास. आणि पट्टी नळीला चिकटलीय ती शिसं-कथलाच्या डाखाने, तो ५० च्या घरात. उष्णता या सगळ्यातून जाते. पन्नास-साठ वर्षांत डाख जागोजाग सुटतो, पट्टी नळीला नुसती टेकून राहते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.
अल्युमिनियमची नळी रुंद करता येते, २५ मिमीची नळी सर्रास असते, तांब्या-पितळेच्या जुन्या जाळीत त्याच्या निम्मी. म्हणून दोन ओळींचा अल्युमिनियमचा चार ओळींच्या जुन्याला भारी पडू शकतो. शिवाय नळी आणि पट्टी भट्टीत एकत्र ब्रेझ केलेली असते, मधे डाखाचा थर नाही.
पण कासवगती, घेताना ओळी मोजून घेऊ नका. जाळी जितकी जाड आणि पट्ट्या जितक्या दाट तितकी ती वाऱ्याला अडवते. शर्यतीत सतत वारा आदळत असतो तिथे चालतं, तुम्हाला सिग्नलला उभं राहायचंय. तुमच्या केसमध्ये मध्यम दाटीची जाळी आणि कडेने घेर लावून नीट बंद केलेला पंखा हाच मार्ग.

पितळी_टाकी
डाख सुटतो हे मान्य. पण म्हणून तर रिकोअर म्हणतोय. आणि पितळेला गळती लागली तर दुरुस्त होते, अल्युमिनियमला वेल्डिंगवाला शोधत फिरा. पातळ नळीला वेल्डिंग करताना एक बुजतं नि शेजारी दुसरं उघडतं.

तिरपा_पाना
त्याला +१, वाद नाही. चांगला रिकोअर करणारा हाताशी असेल तर मी पण तेच करीन. सगळ्यांना तसा माणूस मिळत नाही एवढंच.

गिअरमे_गिअर
मी तर थर्मोस्टॅटच (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकलाय, मस्त गार चालते गाडी. एवढा खर्च कशाला.

स्पॅनरराव
आलं का हे 🤦 आता दुसरा कुणीतरी येऊन सांगेल की थर्मोस्टॅट काढला तर पाणी इतकं जोरात फिरतं की त्याला रेडिएटरात गार व्हायला वेळच मिळत नाही.

उन्हाळीवारी
नाही का तसं? मला पण तेच सांगितलं होतं मेकॅनिकने.

तिरपा_पाना
नाही हो. पाणी रेडिएटरात कमी वेळ थांबतं हे खरं, पण तेच पाणी लगेच परत येतं ना. इंजिनात पण कमीच वेळ थांबतं. प्रवाह वाढला की एकूण उष्णता जास्तच बाहेर पडते. थर्मोस्टॅट काढल्यावर काही इंजिनं तापतात ती वेगळ्या कारणाने. एक म्हणजे बायपास. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासचं तोंड बंद करतो. तोच काढला तर बायपास कायम उघडा, मग पाण्याचा मोठा हिस्सा रेडिएटरात न जाता इंजिनातच गोल फिरतो. दुसरं, थर्मोस्टॅट थोडा अडथळा करतो म्हणून ब्लॉकमध्ये पंपाचं प्रेशर टिकतं आणि हेडमधल्या सगळ्यात गरम जागी वाफेचे बुडबुडे धरत नाहीत. जुन्या ब्रिटिश इंजिनांना शर्यतीसाठी थर्मोस्टॅट काढायचे तेव्हा त्या जागी बायपास बुजवणारी नळी (ब्लँकिंग स्लीव्ह) घालायचे ते याचसाठी.
आणि गार चालते हे कौतुकाचं नाही गिअरभाऊ. इंजिन ६० अंशावर चाललं तर ऑइलमधलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही, झाकणाखाली पिवळट फेस धरतो, सिलिंडर जास्त झिजतात. ८२ अंशाचा थर्मोस्टॅट घाला परत.

गिअरमे_गिअर
फेस दिसतोय खरा झाकणाखाली. मला वाटलं गास्केट गेलं. घालतो.

कार्ब्युरेटरवाली
बसवायचं कसं ते कुणीच सांगेना, सगळे धातुशास्त्रात शिरले. मी सांगते, वाखु (वाचनखूण) साठवून ठेवा.

पहिलं, जुना रेडिएटर काढायच्या आधी इंजिन आणि हीटर धुवून घ्या. जुनाच रेडिएटर लावलेला असताना! लोक नवा बसवतात आणि मग फ्लश मारतात, म्हणजे ब्लॉकमधला सगळा गंज नव्या कोऱ्या जाळीत. ब्लॉकच्या बाजूला ड्रेन टॅप असतो, तो उघडून काहीच येणार नाही कारण आतून गाळाने गच्च असतो, तार घालून खरवडा. कास्ट आयर्नचा गाळ मागच्या सिलिंडरभोवती बसतो कारण पाणी तिथे सगळ्यात मंद. होज लावून उलट्या दिशेने पाणी सोडा, स्वच्छ येईपर्यंत. ॲसिडवालं फ्लश वापरायचं तर आत्ताच, अल्युमिनियम बसल्यावर नाही. आणि नवा बसवल्यावर सुरुवातीला वरच्या होजच्या तोंडात पातळ नायलॉनच्या मोज्याचा तुकडा घालून क्लॅम्प आवळा, पिशवी आत लोंबेल असा. थोडं चालवून काढून बघा त्यात काय जमतं ते. खपल्या निघतात लालभडक. साफ यायला लागलं की काढून टाका, विसरू नका, तोच पुढे बूच होतो.

दुसरं, "थेट बसणारा" या शब्दावर भरवसा ठेवू नका. पुठ्ठा कापून नव्या रेडिएटरच्या मापाचा डमी करा, जाडीसकट. बोल्टची भोकं दोन-तीन मिमी इकडेतिकडे असतातच. तेव्हा भोक लांबट करायचं ते ब्रॅकेटचं किंवा गाडीच्या पत्र्याचं, रेडिएटरच्या कडपट्टीला ड्रिल लावू नका, पलीकडे लगेच नळी असते. आणि बोल्ट आवळून रेडिएटर जागेवर ओढून घ्यायचा नाही, तो सैलसर बसला पाहिजे आणि मग आवळायचा, नाहीतर चॅसिसचा पीळ रोज त्या वेल्डवर येतो आणि टाकीचा कोपरा चिरतो. रबरी बुश घाला, चारही बाजूंना.

तिसरं, पंख्याचं अंतर. गाडी उभी असताना पंखा आणि जाळीत बोटभर जागा दिसली म्हणून खूश होऊ नका. इंजिन रबरी माउंटिंगवर असतं, जोरात ब्रेक मारला की पुढे झुकतं आणि पंखा जाळीत. जुने माउंटिंग तेलाने मऊ झालेले असतील तर आणखी. नव्या रेडिएटरची जाळी जुन्यापेक्षा जाड असते तेवढं अंतर आणखी कमी होतं. मी २५ मिमीच्या आत जाऊ देत नाही. इंजिनखाली जॅक नि लाकूड लावून पुढे ढकलून बघा किती हलतं ते.

चौथं झाकण. नव्या रेडिएटरची मान आणि तुमचं जुनं झाकण यांची खोली एक असेलच असं नाही. जुन्या गाड्यांत खोल मान असायची, साधारण २५ मिमी, नव्यात १९. उथळ झाकण खोल मानेवर वरून घट्ट बसतं, फिरतं पण नीट, पण खालचं रबर सीटला टेकतच नाही, म्हणजे प्रेशर शून्य आणि कूलंट ओव्हरफ्लोने बाहेर. मग लोक म्हणतात नवा रेडिएटर लावूनही उकळते. व्हर्नियरने मोजा मानेच्या ओठापासून आतल्या सीटपर्यंत, आणि झाकणाचं पण.

उन्हाळीवारी
झाकण जास्त पीएसआयचं (दाबाचं) लावलं तर गार नाही का राहणार? मी १५ चं लावायचं म्हणत होतो, आत्ता ७ चं आहे.

कार्ब्युरेटरवाली
गार नाही राहणार, उकळायला वेळ लागेल. ७ पीएसआयला साधं पाणी १११ अंशाच्या आसपास उकळतं, १५ ला १२१ च्या. इंजिन तेवढंच तापणार. फायदा आहे, पण तुमचा हीटर, हीटरचा व्हॉल्व्ह, पंपाचं सील हे सगळं ७ साठी बनलेलं आणि आता म्हातारं झालेलं. नवा रेडिएटर १५ सहज सहन करेल, फुटेल तो हीटर, आणि तो फुटतो तुमच्या पायावर. एमजीबीचा हीटर बाहेर काढलाय का कुणी कधी? ज्यांनी काढलाय ते परत काढत नाहीत. कासवगती, मूळ झाकण जेवढ्याचं तेवढ्याचंच घ्या.

वायरमन
आता पंख्याचं माझ्याकडून.
१. पॉझिटिव्ह अर्थ गाडी आहे. साधी ब्रशवाली डीसी मोटर असेल तर वायर उलटसुलट केल्या की फिरायची दिशा बदलते, एवढंच. लावल्यावर कागदाचा कपटा जाळीपुढे धरून बघा, वारा इंजिनकडे जातोय ना. आत इलेक्ट्रॉनिक्स असलेला पंखा मात्र उलटा जोडला की संपला. आणि त्याची बॉडी आतून निगेटिव्हला जोडलेली असेल तर पॉझिटिव्ह अर्थ गाडीच्या पत्र्याला टेकली की शॉर्टच.
२. डायनमो. ल्युकासचा सी४० असेल तर त्याची क्षमता २२ अँपियर, तीही वेगात. ट्रॅफिकमध्ये आयडलला तो जवळपास काहीच देत नाही, चार्जिंगचा लाल दिवा लुकलुकत असतो ते त्यामुळेच. आणि नेमका तेव्हाच पंखा १० अँपियर वगैरे मागणार. रात्री हेडलाईट लावून ट्रॅफिकमध्ये अडकलात की बॅटरीच्या जिवावर. म्हणून मूळचा यांत्रिक पंखा काढू नका, इलेक्ट्रिक पुढून ढकलणारा, मदतनीस म्हणून लावा.
३. रिले आणि फ्यूज बॅटरीजवळ. तापमानाचा स्विच थर्मोस्टॅटपेक्षा वरचा हवा. ८२ चा थर्मोस्टॅट आणि ८० ला चालू होणारा स्विच लावलात तर पंखा कधीच बंद होणार नाही. ९२ ला चालू, ८७ ला बंद असा बरा.
४. जाळीतून आरपार जाणाऱ्या त्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी पंखा अडकवू नका. पंखा थरथरतो आणि पट्टी नळी घासत राहते. अल्युमिनियमची नळी किती पातळ असते ते एकदा कापून बघा. बाजूच्या ब्रॅकेटला फ्रेम करून लावा.
५. सगळ्यात महत्त्वाचं, पंख्याचं अर्थिंग रेडिएटरला करायचं नाही. करंट कूलंटमधून वाट काढतो आणि रेडिएटर आतून खातो. तपासायला मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या अर्थ टर्मिनलला, दुसरं झाकण काढून कूलंटमध्ये बुडवा, धातूला लावू नका. गाडी थंड असताना करा. मग एकेक चालू करत जा, लाईट, पंखा, वायपर, आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर छान. ०.३ च्या वर गेलं तर कुठेतरी अर्थ ढिला आहे, बहुतेक वेळा इंजिन ते बॉडीची ती विणलेली पट्टी.

पितळी_टाकी
हा पाचवा मुद्दा सोन्यासारखा. माझ्या ओळखीत एकाने वर्षभरात अल्युमिनियमचा रेडिएटर खाल्ला आणि बनवणाऱ्याला शिव्या घालत बसला होता. अर्थ पट्टीचा एक बोल्ट रंगावर आवळलेला होता फक्त.

तिरपा_पाना
कूलंटचं राहिलं. नळाचं पाणी अजिबात नको, डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड. लोखंडी ब्लॉक, पितळेचा हीटर आणि अल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात म्हणजे अल्युमिनियमचा बळी ठरलेला, त्याला वाचवतं ते कूलंटमधलं इनहिबिटर (गंजरोधक) आणि ते संपत जातं. सिलिकेटवालं जुन्या पद्धतीचं कूलंट दोन वर्षांनी बदलायचं. मी मिश्र गाड्यांना हेच वापरतो, सेंद्रिय आम्लवाल्या लाँगलाइफचं नाव जुन्या डाखाच्या बाबतीत फारसं चांगलं नाही, आणि तुमचा हीटर डाखाचाच आहे. दोन्ही एकत्र तर कधीच करू नका. अर्धं-अर्धं मिश्रण उणे ३७ अंशापर्यंत गोठत नाही, तेवढी थंडी नसेल तर ग्लायकॉल थोडं कमी चालेल, कारण ते पाण्यापेक्षा उष्णता कमी वाहून नेतं. पण इनहिबिटरसाठी बाटलीवर लिहिलेल्या किमान प्रमाणाच्या खाली जाऊ नका.

मागचंसीट
अवांतर: माझ्याकडे त्याहून जुनी आहे, पंपच नाही तिला, थर्मोसायफन. मला पण अल्युमिनियम चालेल का?

तिरपा_पाना
अवांतर नाही, छान प्रश्न आहे. फोर्ड मॉडेल टी सारखी म्हणजे, तिच्या पण अगदी सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर पंप नव्हता. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, रेडिएटरात गार होऊन खाली उतरतं, त्यावरच सगळा कारभार. ढकलणारा जोर अगदी नाममात्र असतो, त्यामुळे बारीक चपट्या नळ्या, कोनातले होज, अरुंद तोंडं यातलं काहीही त्याला रोखतं. पाण्याची पातळी वरच्या तोंडाच्या खाली गेली की चक्रच तुटतं. तुम्ही रिकोअरच करा, नळ्या मूळच्या मापाच्या ठेवून.

मागचंसीट
धन्यवाद. पितळी काकांना भेटतो मग.

पितळी_टाकी
या या 😄

कासवगती
सगळ्यांचे आभार, आता अपडेट. आधी स्पॅनररावांचं ऐकलं. टायमिंग मागे होतं, ठीक केलं. कडेने फोमची पट्टी लावली, ऑइल कूलरच्या पाईपभोवतीची फट पण बुजवली. नुसत्या एवढ्यावर ट्रॅफिकमधला काटा बराच खाली आला, म्हणजे रेडिएटर न घेता पण गाडी चालवण्यासारखी झाली हे कबूल. पण शिवणीची गळती होतीच आणि इन्फ्रारेड थर्मामीटर जाळीवरून फिरवला तर उजवीकडे खालच्या कोपऱ्यात मोठा थंड पट्टा, तिथून पाणी जातच नाहीये. म्हणून अल्युमिनियमचा बसवला. जुना ठेवलाय, निवांत रिकोअर करून घेणार.

मोज्याची युक्ती भारी. काढला तेव्हा त्यात चमचाभर लाल चुरा आणि गास्केटचे तुकडे. बाकी भोकं जुळली नाहीतच, ब्रॅकेट घासावे लागले. खालचा होज नव्या तोंडाला सैल, तोंड ३२ मिमीचं आणि होज ३८ चा, तर क्लॅम्प आवळत न बसता पायरीचा होज आणला, आत स्प्रिंग घालून.

मल्टिमीटरवर पंखा चालू केला की ०.४ येत होतं. पंख्याची अर्थ वायर मी रेडिएटरच्या ब्रॅकेटच्या बोल्टलाच लावली होती, रबरी बुश असले तरी बोल्टमधून संपर्क होता. ती वेगळी सरळ बॉडीला नेली, इंजिनची अर्थ पट्टी काढून दोन्ही टोकं घासून बसवली, आता ०.०६.

एकच प्रश्न उरलाय, भरल्यावर हीटर गार वारा देतोय. हवा अडकलीय का?

कार्ब्युरेटरवाली
हो. हीटरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, गाडीचं नाक चढावर करा, झाकण काढून गार इंजिन सुरू करा, आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत वरचा होज हाताने दाबत सोडत रहा, बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल तसं भरत जा. थर्मोस्टॅटच्या चकतीला ती बारीक हलणारी पिन आहे का? ती वरच्या बाजूला यायला हवी. नसेल तर चकतीत ३ मिमीचं भोक पाडा. मग झाकण लावून एक चक्कर मारा, पूर्ण गार होऊ द्या आणि परत पातळी बघा. गरम असताना झाकण उघडू नका एवढं सांगायची गरज नसावी.

कासवगती
पिन होती पण खाली गेली होती. फिरवून बसवली, हीटर आता पाय भाजतोय.

वायरमन
पंख्याचा स्विच कुठे लावलात शेवटी?

कासवगती
वरच्या होजच्या तोंडाशी. खालच्या टाकीला पण जागा होती, पण तिथे रेडिएटरने गार केलेलं पाणी येतं, तर ९२ चा स्विच कधी चालूच झाला नसता. ट्रॅफिकमध्ये लागतो, मिनिटभरात बंद होतो. दिवसा लाल दिवा लुकलुकला तरी चालतंय, रात्रीचं बघतो.